बिगहॉर्नच्या पायथ्याशीं : एका चामडी म्यानाची हकीकत

डेनव्हर शहराहून मोटारीनें उत्तरेस निघालें म्हणजे दिवसभर गवताळ माळाखेरीज फारसें कांहीं दृष्टीस पडत नाहीं. वायोमिंग संस्थानाची राजधानी शाएन मागें पडली कीं मैलच्या मैल मनुष्यवस्ती नाहीं. मधूनमधून काळीं गुरें, तारेचीं कुंपणें, आणि अखंड वाहणारा वारा. सुमारें सव्वाचारशें मैलांचा हा प्रवास संपत आला म्हणजे पश्चिमेस बिगहॉर्न पर्वताची निळी रांग वर येऊं लागते. तिच्यांतील क्लाउड पीक हें शिखर १३,००० फुटांहून उंच आहे, आणि भर उन्हाळ्यांतहि त्याच्या खांद्यावर बर्फ असतें. या रांगेच्या पायथ्याशीं शेरिडन नांवाचें गांव आहे. आमचे चिरंजीव तेथें वैद्यकीचा व्यवसाय करतात, म्हणून यंदाचा उन्हाळा आम्हीं उभयतांनीं तेथें काढला.

गांव फार जुनें नव्हे. सन १८८२ मध्यें वसलें, १८९२ मध्यें आगगाडी आली, आणि १८९३ मध्यें स्टेशनासमोर उघडलेली शेरिडन इन ही लांकडी पथिकाश्रमाची इमारत आजहि उभी आहे. २०२० च्या खानेसुमारींत वस्ती १८ हजारांच्या वर भरली. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी म्हणावी. उत्तरेस मोटारीनें तासाभराच्या वाटेवर लिटल बिगहॉर्नची रणभूमि आहे. तेथें १८७६ मध्यें लकोटा व शायन लोकांनीं कस्टरच्या पलटणीचा फडशा पाडला. म्हणजे घोडा, गाय आणि बंदूक या तीन वस्तूंवर या प्रदेशाचा इतिहास झालेला आहे, आणि या तिहींचा सांधा म्हणजे चामडें.

मुख्य रस्त्यावर किंग यांचें खोगिरांचें दुकान आहे. त्याच्या पाठीमागें एक संग्रहालय असून शेंकडों खोगिरें भिंतीपासून छतापर्यंत मांडलेलीं आहेत. डॉन किंग (१९२३–२००७) या कारागिरानें चामड्यावर रानगुलाबाचीं लहान लहान फुलें, एकांतून एक निघणाऱ्या वर्तुळाकार वेलींत गुंफून, कोरण्याची जी रीत पाडली तिला आज सर्वत्र ‘शेरिडन पद्धत’ म्हणतात. १९९१ मध्यें त्या देशाच्या राष्ट्रीय कलासंस्थेनें लोककलेचा मोठा मान त्यांस दिला. एका खोगिराच्या पाखरीवरील वेल पाहतांना आम्हांस आपल्याकडील देवळांच्या चौकटींवरील कोरीव वेलबुट्टीची आठवण झाली. फरक एवढाच कीं, दगडावरील टांकी चुकली तर सांवरून घेतां येते. चामड्यावरचा छेद कायमचा.

परंतु आम्ही सांगणार आहों ती गोष्ट दुकानांतील नव्हे. आमचा चौदा वर्षांचा नातू शेजारच्या एका सेवानिवृत्त गणितशिक्षकांच्या मोटारखान्यांत रोज दुपारीं जाऊन बसे. हे गृहस्थ घरच्या घरीं होल्स्टर, म्हणजे कमरेस बांधावयाचें पिस्तुलाचें चामडी म्यान, करतात. त्या देशांत हा छंद पुष्कळांचा आहे. सूनबाईंनीं हें आम्हांस आधीं पत्रानें कळविलें होतें, आणि पत्राचा सूर चिंतेचा होता. आमच्या मंडळींची चिंता निराळी. सूनबाईंस पिस्तुलाची भीति, मंडळींस चामड्याची. चिरंजीव म्हणाले, “नाना, तुम्हीच एकदां पाहून या, मग काय तें सांगा.” म्हणून आम्ही गेलों.

गृहस्थांनीं प्रथम सांगितलें तें हें कीं, मुलाच्या हातीं खरें हत्यार येथें कधींच येत नाहीं. मापाला घेतात तो निळ्या रंगाचा भरीव नमुना. आकार व वजन खऱ्यासारखें, पण आंत नळी नाहीं कीं यंत्र नाहीं. हें ऐकून आमच्या मनावरचा अर्धा भार उतरला.

मग काम पाहिलें. चामडें आठ औंसांचें. तेथें चामड्याची जाडी औंसांत मोजतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हां आठ औंस म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. कागदावर नमुना ठेवून त्याभोंवतीं पेन्सिल फिरवितात व शिवणीसाठीं जागा सोडतात. येथें गणितशिक्षकाचा हिशेब उपयोगीं पडतो. कारण पिस्तुलास रुंदीप्रमाणें जाडीहि असते, आणि ती न धरल्यास म्यान शिवून झाल्यावर हत्यार आंत शिरत नाहीं. रांपीनें कापलेलें चामडें दुमडून, कडेला एक पट्टी मध्यें घालून चिकटवावयाचें, आरीनें भोंकें पाडावयाचीं, आणि मेणानें माखलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोंकांस दोन सुया ओंवून दोहों बाजूंनीं शिवीत जावयाचें. प्रत्येक भोंकांतून दोरा दोनदां जातो. म्हणून एक टांका तुटला तरी शेजारचे टांके सुटत नाहींत. यंत्राच्या टांक्याची गोष्ट तशी नाहीं.

यापुढचा भाग आम्हांस सर्वांत नवलाचा वाटला. शिवलेलें म्यान कोमट पाण्यांत बुडवितात. बारीक बुडबुडे निघतात. ते थांबले कीं बाहेर काढून थोडा वेळ ठेवतात. वरचा ओला काळसरपणा जाऊन मूळ रंग परतूं लागला म्हणजे चामडें मळलेल्या कणकेसारखें होतें. त्यांत नमुना खोंचून हाडाच्या गुळगुळीत पट्टीनें व अंगठ्यानें दाबीत जावयाचें. हळूंहळूं चाप, कड, नळीची धार असे सर्व उठाव चामड्यावर उमटतात. मग सावलींत वाऱ्यावर रात्रभर वाळवावयाचें. ऊन वा भट्टीची प्रखर उष्णता लागली तर चामडें ठिसूळ होतें. सकाळीं तें पाहावें तर लांकडासारखें ताठ, आणि दिलेला आकार धरून बसलेलें.

हें प्रत्येक चामड्यास साधत नाहीं. क्रोम क्षारानें कमावलेलें चामडें मऊ असतें, पण तें आकार धरीत नाहीं. सालीच्या तुरट अर्कानें कमावलेलेंच येथें पाहिजे. ती साल पूर्वीं तेथें ओकची असे. आतां बहुतेक वॅटल नांवाच्या झाडाची, आणि तें आपल्या बाभळीच्याच गोत्रांतलें. आपल्या कोल्हापुरीं वहाणेचें चामडें बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावतात हें आम्हीं सांगितलें, तेव्हां गृहस्थांनीं हातांतलें काम खालीं ठेवून खोदखोदून विचारलें. कोणत्या झाडाची साल, किती दिवस भिजवितात, कोण भिजवितो? शेवटल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस नीट देतां येईना. भिजविणारे कोणत्या जातीचे तें ठाऊक. त्यांच्या उंबऱ्याशीं बसून पाहिलेलें आपल्या वर्गांत कोण आहे? मुंजींत बटूच्या अंगावर अजिनाचा तुकडा चढतो, बैठकींत तबल्याची पुडी घुमते, तेथें विटाळ आडवा येत नाहीं. आणि तें कातडें कमावणारा मात्र गांवाबाहेर. अमरकोश तोंडपाठ म्हणणाऱ्यास चर्माचे पर्याय येतात, चर्म येत नाहीं.

म्यान चांगलें केव्हां म्हणावें, हेंहि आम्हीं विचारलें. उत्तर मिळालें तें असें : उलटें धरलें तरी पिस्तूल पडूं नये, पण एका हाताच्या ओढीनें निघावें. चाप संपूर्ण झांकलेला असावा. आणि तोंड रिकामें असतांहि उघडें राहावें. कारण मऊ पडलेल्या तोंडाची दुमड परत घालतांना चापांत अडकली तर बार उडतो, आणि माणसें जायबंदी होतात. जुन्या काळच्या गुराख्यांच्या कित्येक म्यानांत चाप उघडाच असे. “मी हत्यार करीत नाहीं,” गृहस्थ म्हणाले, “हत्यार स्वस्थ बसेल अशी जागा करतों.” त्या देशांत हत्यारें स्वस्थ बसत नाहींत हें वर्तमानपत्रें रोज सांगतात, आणि एका चांगल्या म्यानानें तें थांबेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण मुलाच्या हाताला दक्षता शिकविणारा गुरु आम्हीं पाहिला, एवढें सूनबाईंस सांगितलें.

मंडळींचा प्रश्न एवढ्यानें सुटणारा नव्हता. चामडें गाईचें, हें लपविण्यासारखें नव्हतें, आणि लपविलेंहि नाहीं. शिवाय त्यास मऊपणा यावा म्हणून लावतात तें तेल गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलें. नातवानें हें आपण होऊन गृहस्थांस सांगितलें होतें कीं, आमच्या आजीस हें चालणार नाहीं. तेव्हांपासून त्याच्या कामापुरतें ऑलिव्हचें तेल ठेविलेलें होतें. मंडळींनीं हें ऐकून घेतलें व त्या दिवशीं कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं म्हणाल्या, “जाऊं द्या त्याला. आल्यावर हातपाय धुऊन घरांत यावें, आणि बाहेरचे कपडे देवघरांत आणूं नयेत.” आमच्या मतें हा निकाल पुष्कळ उदार होता, सूनबाईंच्या मतें जुनाट. दोघींचा वाद दोन संध्याकाळ चालला. आम्ही त्यांत पडलों नाहीं.

निघण्याच्या आठवड्यांत नातवानें आजीचा अडकित्ता मागून नेला. पितळी, माहेरून आलेला, पात्याच्या टोंकाला मोराची चोंच असलेला. तिसऱ्या दिवशीं त्याचें म्यान करून आणलें. मोराच्या चोंचीचा उठावसुद्धां चामड्यावर आलेला, कडा लांकडानें घोटून चकचकीत केलेल्या, टांके इंचास सहा, एकसारखे. मंडळींनीं तें हातांत घेतलें, उलटें केलें. अडकित्ता पडला नाहीं. मग त्यांनीं अडकित्ता काढून पानाच्या डब्यांत ठेविला आणि म्यान स्वतंत्र कागदांत गुंडाळून ट्रंकेंत, आमच्या धोतरांच्या घडीखालीं ठेविलें. तें सध्यां पुण्यास आमच्या कपाटांत आहे. पावसाळ्यांत त्यावर बुरशी येऊं लागली, तेव्हां मंडळींनींच तें काढून कोरड्या फडक्यानें पुसलें व खोबरेल लावावें काय, असें नातवास पत्रानें विचारविलें आहे.