जोडलं, पण पोचलं नाही

माझ्या खालाच्या मुलाचं मिरजेत हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. तिथल्या दोघी जणी आता घरून काम करतात. व्हीपीएन सुरू केलं की पडद्यावर 'कनेक्टेड' येतं, पण फायलींचा सर्व्हर काही उघडत नाही. भाऊ विचारतो, "भाई, जोडलंय म्हणतं, मग पोचत का नाही?"

प्रश्न रास्त आहे. व्हीपीएन पाहुण्याला ओसरीपर्यंत आणतं, एवढंच. ऑफिसात राउटरशिवाय एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स, वायरगार्ड आणि फायरवॉल. ५१८२० हे यूडीपी पोर्ट उघडलं की बोगदा तयार होतो. पण 'माझ्याकडे आलेला' आणि 'माझ्यातून पुढे जाणारा' यांत फायरवॉल फरक करतं. पहिल्याचे नियम इनपुटमध्ये, दुसऱ्याचे फॉरवर्डमध्ये. शिवाय कर्नलचं आयपी फॉरवर्डिंग सहसा बंदच असतं, ते चालू करावं लागतं.

खरी अडचण परतीच्या वाटेवर. या दोघी १०.८.०.० च्या पट्ट्यात, सर्व्हर १९२.१६८.१.० मध्ये. निरोप सर्व्हरपर्यंत जातो; उत्तर मात्र तो सवयीनं राउटरकडे टाकतो, आणि राउटरला हा पट्टा माहीतच नाही. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे मास्करेड: आत जाणाऱ्या प्रत्येकाला फायरवॉलचाच पत्ता चिकटवायचा. एका ओळीत काम होतं.

मला ते पटत नाही. मग सर्व्हरच्या नोंदींत दोघी एकाच पत्त्यावरून आलेल्या दिसतात. उद्या एखाद्या अशिलाची फाईल पुसली गेली, तर कुणी पुसली हे कसं कळणार? आणि अशा वेळी बोट कुणाकडे जातं? जी समोर बसलेली नाही तिच्याकडे.

म्हणून सर्व्हरवरच मार्ग लिहिला: १०.८.०.० कडचं उत्तर या लिनक्सवाल्याकडे द्यायचं. विंडोजचं स्वतःचं फायरवॉलही परक्या पट्ट्याला फायली देत नव्हतं, तिथंही त्याची नोंद केली. फॉरवर्डचा नियम सरसकट नाही. या दोघींना फक्त सर्व्हरचं ४४५ पोर्ट, आणि सुरू झालेल्या संवादाचं उत्तर परत यायला मुभा. कॅमेरे, भावाचा लॅपटॉप यांच्याशी त्यांना काय करायचंय?

तरी एकीचं अडलंच. तिच्या घरचा राउटरही १९२.१६८.१ वालाच, त्यामुळे लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधत बसायचा. खाजगी पत्त्यांसाठी १९९४ पासून एवढे मोठे पट्टे राखून ठेवलेत, पण राउटर बनवणाऱ्यांना दोन-तीनच आवडतात! शेवटी ऑफिसचा पट्टा १९२.१६८.४७ केला. रविवारभर पत्ते बदलत बसलो. प्रिंटर सगळ्यात शेवटी वठणीवर आला.