तुटली वायर, अडला अभ्यास

दोन खोल्यांच्या घरात शिकणाऱ्या मुलाला स्वतंत्र खोली कोठून मिळणार? एकीकडे टीव्ही, दुसरीकडे भांड्यांचा आवाज, दारात शेजाऱ्यांच्या गप्पा. अशा घरात कानाला लावलेला हेडफोन ही चैनीची वस्तू नसते. अभ्यासापुरती उभी केलेली ती एक भिंतच असते. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर आले, तेव्हापासून आम्ही हे घरोघर पाहत आहोत. पण ही भिंत एका बारीक वायरवर उभी असते. वायर तुटली की अभ्यास अडतो.

आमची बहीण धुळ्याला राहते. घरी शिलाई मशीन चालवते. तिची मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. क्लासची फी परवडत नाही म्हणून मोबाइलवरची व्याख्याने ऐकते. मागे एका सुट्टीत आम्ही जळगावहून एस.टी.ने तिच्याकडे गेलो, तेव्हा पोरगी एका हाताने हेडफोनची पिन दाबून धरत होती आणि दुसऱ्या हाताने टिपणे काढत होती. "मामा, डावा कान बंद पडलाय. म्हणून आवाज मोठा ठेवते," ती म्हणाली. आम्ही चरकलो. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की त्या पुन्हा येत नाहीत. त्या वर्षातला तो तिसरा हेडफोन होता. दर वेळी बहिणीच्या शिलाईचे पैसे त्यात जात होते.

दुकानात विचारावे तर उत्तर ठरलेले : "दुरुस्तीपेक्षा नवा घ्या." दुकानदाराचा तरी काय दोष? त्याच्या अर्ध्या तासाच्या मेहनतीचे पैसे द्यायला कोणी तयार नसते. पण घरी आपला अर्धा तास आपल्या हातात असतो. "हे आपल्याला जमेल का?" भाचीने विचारले. आम्ही तिला सांगितले, अमेरिकेतील युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि ते तिथल्या नौदलाने विकत घेतले. जी वस्तू स्वयंपाकघरात बनू शकली, ती स्वयंपाकघरात दुरुस्त का होणार नाही?

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून; विजेच्या कामाचे शिक्षण आमच्याकडे नाही. तरी अनुभवाने कळले ते सांगतो. पहिले काम बिघाड शोधण्याचे. तुटलेली जागा डोळ्यांना दिसत नाही. वरचे रबर धडधाकट असते, आत तांब्याची तार तुटलेली असते. गाणे लावावे आणि पिनेपासून वर वायर थोडी थोडी वाकवत जावे. जिथे आवाज जातो-येतो, तिथे दुखणे. बहुधा ते पिनेच्या तोंडाशी किंवा दोन कानांसाठी वायर फुटते तिथे सापडते. पिनेच्या तोंडाशी असेल तर तुटलेल्या जागेच्या इंचभर वर वायर कापावी आणि नवी पिन जोडावी. सुटी पिन थोडक्या पैशांत मिळते. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये विचारावे.

साध्या पिनेला तीन भाग असतात : टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे आणि मागचा भाग दोघांचा सामाईक. माइक असेल तर चौथा भाग येतो, तेव्हा पिन चार भागांचीच घ्यावी. आतल्या तारांत लाल रंग बहुधा उजव्या कानाचा, हिरवा किंवा निळा डाव्याचा आणि तांबूस तार सामाईक असते. मात्र हे सर्वच कंपन्या पाळत नाहीत, म्हणून आधी मीटरने तपासावे.

खरी गोम पुढे आहे. या तारा उघड्या दिसल्या तरी त्यांच्यावर पातळ लेप असतो. तो निघाल्याशिवाय सोल्डर धरत नाही. कल्हईवाला भांडे घासून घेतो आणि मगच कथील फिरवतो, तसेच हे. तारेचे टोक ब्लेडने हलके खरवडावे, किंवा तापलेल्या सोल्डरिंग आयर्नवर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात टोक धरावे. लेप जळतो आणि तार चकाकते. २५ वॅटचे आयर्न पुरते. पिनेचे टोपण मात्र जोडणीच्या आधीच वायरीत ओवून ठेवावे. तारा एकमेकींना चिकटू देऊ नयेत. जुन्या पद्धतीच्या सोल्डरमध्ये कथिलाबरोबर शिसे असते. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना जवळ बसवू नये.

एक इशारा. हेडफोनच्या वायरीतला प्रवाह अगदी थोडा असतो. पण घरातल्या बोर्डाची २३० व्होल्टची वायर, फुटलेला चार्जर किंवा ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी यांच्यावर हा प्रयोग करू नये. ती कामे जाणकाराचीच.

धुळ्यात त्या दिवशी पहिली तार आम्ही जोडली, उरलेल्या दोन भाचीने. दोन्ही कान बोलू लागले तशी तिने आवाज कमी केला. आम्हाला याचेच समाधान जास्त वाटले. संध्याकाळी शेजारची दोन मुले आपापले मुके हेडफोन घेऊन आली. ते तिनेच तपासले.

तेव्हा वाचकहो, आमची एक सूचना आहे. सोल्डरिंग आयर्न आणि मीटर प्रत्येक घराने घेण्याची गरज नाही. वस्तीतल्या अभ्यासिकेने एकेक घ्यावे. महिन्यातून एका रविवारी आय.टी.आय. झालेल्या एखाद्या तरुणाला बोलवावे आणि मुलामुलींना, विशेषतः मुलींना, हे काम स्वतःच्या हातांनी करू द्यावे. पुस्तकांच्या कपाटाशेजारी हत्यारांचा एक डबा असावा. पोराबाळांचा अभ्यास एका बारीक तारेपायी थांबता कामा नये.