दैव, घर आणि श्याम

माणगाव तालुक्यातील वडघर येथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे. गुरुजींचे नाव निघाले की ‘श्यामची आई’तील वात्सल्य आठवते, त्या कथनातील दैवाचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. खोताचे घराणे कर्जात बुडते. हा फेरा घरातल्या कुणालाच चुकवता येत नाही. परंतु पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने बाहेर काढते. घराचे नशीब तिच्या हाती नाही. मुलाने भित्रे राहू नये, एवढे तिच्या हाती आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे लिहिणाऱ्या लेखकाच्या निर्भयतेचे मूळ त्या विहिरीपाशी शोधता येते. हळवेपणाचा आक्षेप ह्या पुस्तकावर वारंवार घेतला गेला. आक्षेपकांनी ती शिंपटीही विचारात घ्यायला हवी.