रविवारचा पुस्तकबाजार आणि बोरूची अक्षरे

रविवारी दिल्लीत मुक्काम असेल तर लाल किल्ला दुपारवर ढकला आणि सकाळी आसफ अली रोडवरच्या महिला हाटात जा. दर्यागंजचा जुना पुस्तकबाजार आता तिथे भरतो. पूर्वी तो गोलचा सिनेमापासून दिल्ली गेटपर्यंत फूटपाथवर पसरलेला असे. 2019 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो तिथून उठला आणि या आवारात आला. फूटपाथची मजा गेली, असे जुनी गिऱ्हाइके म्हणतात. आम्हाला मात्र मुलांवर एक डोळा न ठेवता पुस्तके चाळता आली.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे शिक्षक, बारावी झालेली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. मे महिन्याची सुट्टी, खर्चायला ठरवलेले दोन हजार रुपये आणि घरात न मिटलेला एक विषय. मुलीला उपयोजित कलेकडे जायचे आहे : अक्षरे, मुखपृष्ठे, जाहिराती. तिच्या दादीचे म्हणणे, चित्रांवर घर चालत नाही, डी.एड. कर. आमचाही कल तिकडेच.

हाटात विषयांची शिस्त नसते. मुघल इतिहासाच्या जाडजूड खंडाशेजारी इंजिनिअरिंगचे गाईड, त्याखाली विणकामाचे पुस्तक. काही ठिकाणी भाव किलोवर. मुलाने नाताळच्या कागदकामाचे एक परदेशी पुस्तक उचलले. नाताळचे आपल्याला काय, असे म्हणणार तोच मुलीने त्यातली चांदणी दाखवली. एका चौकोनावर दुसरा चौकोन अर्धा काटकोन फिरवून ठेवायचा, की आठ टोकांचा तारा तयार. हाच तारा आपल्या जाळ्यांत, फरशांत आणि मुसहफाच्या समासात दिसतो. ईदकार्डांसाठी ते पुस्तक घेतले. मुलीने स्वतःसाठी ग्राफिक डिझाइनचे एक जुने पाठ्यपुस्तक निवडले. त्यात पानाची चौकट कशी आखावी, अक्षरांमध्ये मोकळी जागा किती सोडावी, एवढेच दोनशे पाने सांगितले होते.

दुपारी रिक्षाने जामा मशिदीजवळच्या उर्दू बाजारात गेलो. एके काळी इथे कातिब ओळीने बसत. आता बोटांवर मोजण्याइतके. हाताने लिहिलेल्या पानांवरून उर्दू पुस्तके छापली जात, तो काळ 1981 साली नूरी नस्तालीक आल्यावर बदलू लागला. मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांचे हजारो जोड स्वतः लिहून संगणकासाठी दिले. 1994 साली आलेल्या इनपेजने उरलेले काम केले. म्हणजे कातिबांची जागा घेणारे अक्षरही एका लिहिणाऱ्या हातातूनच आले.

एका वयस्क कातिबांनी मुलीला जवळ बसवून अलिफ मोजायला शिकवले. बोरूच्या टोकाने एक नुक्ता काढायचा. तसे तीन एकावर एक ठेवले की नस्तालीकमधल्या अलिफची उंची. बाकीची अक्षरेही त्याच मापात. "बेटी, पहले नापो, फिर लिखो," ते म्हणाले. आपले आजोबा-पणजोबा मोडी लिहायला वापरत तोच हा बोरू. तिने पिशवीतले पाठ्यपुस्तक काढले आणि चौकटीचे पान त्यांच्यापुढे धरले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण रेघा पाहून त्यांनी मान डोलावली.

शेजारच्या दुकानात सर सय्यद अहमद खान यांच्या 'आसारुस्सनादीद'ची नवी आवृत्ती मिळाली. दिल्लीच्या इमारतींवरचे हे पुस्तक 1847 चे. कुतुबमिनारचे उंचावरचे शिलालेख उतरवण्यासाठी ते बल्ल्यांना टांगलेल्या छिंक्यात बसत, असे हाली यांनी लिहून ठेवले आहे. इतिहास शिकवताना आम्ही सनावळी सांगतो. ती अक्षरे कुणीतरी अधांतरी बसून नकलून घेतली, हे सांगायला वेळच उरत नाही. जूनमध्ये नववीच्या वर्गाला छिंक्याची गोष्ट आधी सांगणार आहोत, सन नंतर.

परतीला पुस्तकांची पिशवी इतकी जड झाली की मुलाने कपड्यांची बॅग बर्थखाली ढकलून पुस्तकांना वर जागा केली. दादी अजून 'हो' म्हणालेली नाही. कातिबांनी दोन बोरू फुकट दिले, हे ऐकल्यावर तिने एवढेच विचारले, "दिवसाला किती मिळतात त्यांना?" मुलीने खरा आकडा सांगितला. तो फार नव्हता. मग तिने दुसऱ्या वहीत, छपाई आणि जाहिरातीच्या कामात आज काय मिळते, याची चौकशी लिहायला घेतली आहे. आमच्या शाळेची पत्रिका ज्या छापखान्यात होते, तिथे सोमवारी तिला घेऊन जायचे आहे.