कमलनगरची थंडी आणि बर्फातले घर

भालकी सोडून उदगीरकडे निघालेली गाडी कमलनगरला थांबते, तेव्हा मार्गशीर्षातल्या सकाळी फलाटावर शाली, घोंगड्या आणि मराठी-कानडी अशा दोन्ही भाषा सारख्याच आपुलकीने भेटतात. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. पूर्वी औराद तालुक्यात असलेले हे गाव आता स्वतःच तालुक्याचे ठाणे आहे. घराघरांतली मराठी मात्र जागची हललेली नाही.

येथे पारा कधीकधी १० अंशांखाली उतरतो, पण पाणी गोठत नाही. उलट पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते. काही हात खोल गेले की जमीन आपली ऊब राखून असते. कडब्याच्या गंजीत हात घालावा, तर तेथेही वारा लागत नाही. या दोन साध्या गोष्टी परदेशस्थ मराठी कुटुंबांना फार उपयोगी पडणाऱ्या आहेत.

नाताळच्या सुटीत अशी कित्येक कुटुंबे लग्नकार्यांसाठी गावी येतात आणि तिकडचे घर महिना-दीड महिना बंद राहते. शहराबाहेरच्या घरांना तेथे सार्वजनिक गटार नसते. सांडपाणी अंगणात पुरलेल्या सेप्टिक टाकीत आणि पुढे छिद्रांच्या नळ्यांतून जमिनीत मुरते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात घराचा पाया गोठणीच्या खाली जावा म्हणून दक्षिणेत ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खोल घेण्याचा नियम आहे. यावरून तेथील गोठणीची कल्पना यावी. टाकीला ऊब मिळते ती रोजच्या स्नानाच्या, धुण्याभांड्यांच्या पाण्याची. घर बंद झाले की ती ऊब आटते, नळ्यांत बर्फ धरतो, आणि थकून परतलेल्या माणसांच्या घरात मैला उलटा चढतो.

उपाय मात्र खर्चाचे नाहीत. शरदात टाकीवरचे गवत कापू नये. पहिले बर्फ पडण्यापूर्वी टाकी, नळ्या व झिरपणीची जागा यांवर ८ ते १२ इंच जाडीचा सैल पेंढा पसरावा. तो दाबला तर आतली हवा जाते आणि ऊबही जाते. पडलेले बर्फ हे तर निसर्गाचेच पांघरूण. ते काढू नये, त्यावर मोटार नेऊ नये, पायवाटही पाडू नये. गळका नळ वेळीच दुरुस्त करावा, कारण थेंबथेंब पाणीच नळीत थरावर थर गोठते. दीर्घकाळ बाहेर जायचे असल्यास शेजाऱ्याला किल्ली देऊन ठरावीक दिवसांनी भरपूर कोमट पाणी सोडण्यास सांगावे, किंवा टाकी आधी उपसावी की नाही हे जाणकाराला विचारावे. भूजल वर असेल तर रिकामी टाकी उचलली जाण्याचा धोका असतो.

इतके करूनही गोठलेच, तर मीठ किंवा मोटारीचे गोठणरोधक द्रव टाकीत ओतू नये आणि वर शेकोटीही पेटवू नये. नळी वाफेने वा गरम पाण्याच्या झोताने मोकळी करणारे कारागीर तिकडे असतात. झिरपणीची जागाच गोठली, तर वसंतापर्यंत टाकी उपसून घेत दिवस काढावे लागतात.

कमलनगरच्या यजमानांना या थंडीची भीती नाही. त्यांची परीक्षा पावसाळ्यात असते. काळी माती भिजून फुगली की पाणी घेत नाही आणि शोषखड्डा तुंबतो. म्हणून येथे टाकी उन्हाळ्यातच उपसावी आणि पावसाचे पाणी तिच्यापासून दूर वळवावे. मुलूख निराळा, ऋतू निराळा. पण जमिनीचा स्वभाव ओळखून आधी तजवीज करणारे घर दोन्हीकडे निर्धास्त राहते. माहेरी आलेल्या लेकीसुनांना निघताना चटणी-लोणच्यांबरोबर एवढा प्रश्न अवश्य विचारावा : घराची किल्ली कोणाकडे ठेवली आहे?