आपलें आणि आपल्या नांवाचें

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना एक अनुभव खास आला असेल. एरवीं घरांत कोणती वस्तु कोठें आहे याची कोणासच नीटशी कल्पना नसते. परंतु टेंपो दाराशीं येऊन उभा राहिला, कीं माळ्यावरच्या, पलंगाखालच्या आणि कपाटामागच्या वस्तु एकामागून एक बाहेर येऊं लागतात, आणि त्यांतल्या कित्येकांकडे पाहून प्रश्न पडतो, कीं ही आपली कीं घरमालकाची? भिंतींतील खुंटी, स्वयंपाकघरांतील फळी, न्हाणीघरांतील पितळी तोटी यांचा आपण वर्षानुवर्षें उपयोग केलेला असतो. पण त्या आपल्या नसतात. उलट कोनाड्यांत पडून राहिलेली एखादी धुळीनें माखलेली पत्र्याची पेटी आपली असते, आणि नेमकी तीच मागें राहून जाते.

संगणकावर नवी कार्यप्रणाली चढवितांना हाच प्रश्न उभा राहतो, आणि गेल्या कांहीं दिवसांत तो पुष्कळ घरीं उभा राहिला. 'विंडोज १०' ही कार्यप्रणाली २०१५ सालच्या जुलै महिन्यांत निघाली होती. तिला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्यांचीं यंत्रें योग्य होतीं त्यांनीं 'विंडोज ११' घेण्याचें ठरविलें. जुन्या प्रणालीवरच नवी चढविली तर आपल्या फाईली सहसा जागच्या जागीं राहतात. पण बरींच वर्षें वापरून मंदावलेलें यंत्र एकदां अगदीं कोरें करून घ्यावें असें अनेकांस वाटतें. दुकानांत यालाच 'फॉर्मॅट मारणें' असें म्हणतात, आणि तसें करण्यापूर्वीं दुकानदार एकच प्रश्न विचारतो: "सी मध्यें कांहीं ठेवायचें आहे का?"

आमच्या शेजारीं राहणाऱ्या एका निवृत्त पोस्टमास्तरांस हा प्रश्न विचारला गेला, तेव्हां त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें, "छे, सी मध्यें कांहीं नाहीं. माझें सगळें डेस्कटॉपवर आहे." दुकानांत गर्दी होती. दुकानदारानें उत्तराचा पहिला अर्धा भाग तेवढा ऐकला. संध्याकाळीं यंत्र घरीं आलें तें नव्यासारखें चालूं लागलें; मात्र चार वर्षें खपून पोस्टमास्तरांनीं जमविलेला घराण्याचा कुलवृत्तांत त्यांत नव्हता. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच एक भाग आहे, हें त्यांना कोणी कधीं सांगितलें नव्हतें.

ही गोष्ट मुलांनीं नीट समजून घ्यावी व घरच्या वडील मंडळींस समजावून सांगावी. विंडोजमध्यें प्रत्येक वापरणाऱ्याच्या नांवाचा एक फोल्डर असतो. त्यास प्रोफाईल म्हणतात. एक्सपीच्या काळीं तो 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या जागीं असे. २००७ सालीं व्हिस्टा सर्वांच्या हातीं आली तेव्हांपासून तो 'यूजर्स' या जागीं असतो. पडद्यावर समोर दिसणारा डेस्कटॉप, तसेंच डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक व व्हिडिओज हीं सारीं त्या एकाच घराचीं दालनें होत. हें घर मूळचें सी ड्राइव्हवर, कार्यप्रणालीच्या अगदीं शेजारीं बांधलेलें असतें. त्यामुळें कार्यप्रणाली पुसली, कीं शेजारचें घरही तिच्याबरोबर जातें.

आमच्या घरच्या संगणकांत १२८ जीबीची एक वेगवान एसएसडी आहे, तिच्यावर सी. आणि १ टीबीची एक जुनी हार्ड डिस्क आहे, तिच्यावर डी. सी कांठोकांठ भरत आली होती आणि डी बरीचशी ओस पडली होती. त्या भरलेल्या सी वर, म्युझिक नांवाच्या दालनांत, माझ्या आईच्या आवाजांतील ४३ ओव्या होत्या. माझ्या धाकट्या बहिणीनें २०१६ सालच्या उन्हाळ्यांत त्या मोबाईलवर टिपून घेतल्या होत्या. मागें जात्याची घरघर ऐकूं येते, आणि एके ठिकाणीं आई ओवी अर्धीच टाकून "अगं, दूध ऊतूं जाईल, बघ!" असें म्हणते. आई २०१९ सालीं गेली. त्याच ओव्या दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकावयास मिळतीलही. पण दूध ऊतूं जाण्याची ती काळजी पुन्हां ऐकावयास मिळावयाची नाहीं. तेव्हां नवी प्रणाली चढविण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांच्या वस्तु डी वर नेऊन ठेवाव्या असें मीं ठरविलें.

माझा मुलगा बारावींत शिकतो. त्याला ही दालनें एकेक करून हलविण्याची कल्पना मुळींच पसंत पडली नाहीं. तो म्हणाला, "बाबा, एकेक कशाला? प्रणाली चढवितांनाच आख्खें यूजर्स डी वर ठेवतां येतें. मग पुढें जो जो येईल त्याचें घर आपोआप डी वरच बांधलें जाईल."

त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. प्रणाली चढून झाल्यावर यंत्र आपलें स्वागत करून नांव विचारूं लागतें. त्या वेळीं कंट्रोल, शिफ्ट व एफ-३ या तीन कळी एकदम दाबल्या, म्हणजे आपण एका वेगळ्या आंतल्या खोलींत शिरतों. तेथें एक उत्तरपत्रिका आधींच लिहून ठेवावयाची, तींत वापरणाऱ्यांचीं घरें कोठें असावींत हें सांगावयाचें, आणि 'सिसप्रेप' नांवाच्या साधनाच्या हातीं ती द्यावयाची. यंत्र पुन्हां सुरू झालें, कीं नवीं घरें सांगितलेल्या जागीं उभीं राहतात.

कल्पनेच्या मागें परंपराही मोठी आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' या कार्यप्रणालीस आरंभ केला. तींत वापरणाऱ्यांच्या फाईली प्रणालीच्या फाईलींपासून वेगळ्या शाखेंत ठेवण्याची रीत लवकरच पडली. पुढें त्या शाखेस 'होम', म्हणजे घर, असेंच नांव रूढ झालें. युनिक्सच्या धर्तीवर तयार झालेल्या लिनक्समध्यें तर प्रणाली चढवितांनाच हें घर वेगळ्या विभागावर ठेवतां येतें, आणि पुढें प्रणाली पुसून नवी घातली तरी त्या विभागास हात लावावा लागत नाहीं. मग विंडोजमध्येंही तसेंच कां करूं नये?

मुलाच्या उत्साहावर पाणी घालावें असें मला वाटेना. म्हणून आम्ही दोघांनीं मायक्रोसॉफ्टची यासंबंधींची माहिती वाचावयास घेतली. तेथें स्पष्ट इशारा आढळला, कीं ही सोय चांचणीपुरती आहे. घरें दुसऱ्या ड्राइव्हवर नेल्यास प्रणालीच्या पुढील दुरुस्त्या व नव्या आवृत्त्या बसविण्यांत अडथळा येऊं शकतो. ज्या दुरुस्त्या मिळाव्यात म्हणून हा सारा खटाटोप, त्यांचीच वाट अडवून ठेवणें शहाणपणाचें नव्हे, हें मुलालाही पटलें. पण त्याचा प्रश्न राहिलाच: "आपलें घर हलविलें तर प्रणालीचें काय बिघडतें?"

त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आम्हीं तें घर आंतून पाहिलें. लपविलेल्या फाईली दाखविण्याची आज्ञा देतांच 'ॲपडेटा' नांवाचें एक अंधारें दालन उघडें पडलें, आणि आश्चर्य असें, कीं ओव्या, छायाचित्रें व मुलांचे निबंध या सर्वांहून त्याचाच पसारा मोठा होता. कोणत्या प्रोग्रामची खिडकी शेवटीं कोठें उघडली होती, कोणतें संकेतस्थळ पाहिलें होतें, कोणती तात्पुरती फाईल उरली आहे, अशा असंख्य नोंदी तेथें पडल्या होत्या. शेजारींच 'एनटीयूजर' नांवाची एक फाईल होती; वापरणाऱ्याच्या आवडीनिवडीची ती जणूं खतावणीच. फोल्डरावर नांव माझें होतें. परंतु या वस्तु माझ्या नव्हत्या. प्रणालीनें व प्रोग्रामांनीं माझ्याविषयीं स्वतःच्या सोयीसाठीं ठेवलेलें तें दप्तर होतें. नवी प्रणाली आपलें दप्तर नव्यानें लिहिते. जुनें तिच्या माथीं मारण्यांत कांहींच अर्थ नव्हता.

आपल्या नांवाचें तेवढें सगळें आपलें नसतें, हें मला त्या दिवशीं नीट दिसलें. मात्र ही वांटणी डोळे मिटून करतां येत नाहीं, हेंही लगेच कळलें. माझ्या पत्नीनें पडद्यावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवलेल्या होत्या. त्यांत दिवाळीच्या फराळाचें प्रमाण, गॅसच्या नोंदणीचा क्रमांक, सासूबाईंनीं सांगितलेला काढा, असें सारें होतें. आणि या चिठ्ठ्या राहतात त्या अंधाऱ्या ॲपडेटांतच. ती म्हणाली, "तुमचें तें दप्तर टाकायचें तर टाका, पण माझें चकलीचें प्रमाण त्यांतून आधीं काढून द्या." तेव्हां त्या चिठ्ठ्या, ब्राउझरमधल्या खुणा व पत्ते हे सर्व वेगळे उतरवून डॉक्युमेंट्समध्यें ठेवले.

मग काम सोपें झालें. डी वर प्रत्येकाच्या नांवाचा एक फोल्डर केला व त्यांत सहाही दालनांसाठीं निरनिराळे फोल्डर केले. नंतर दालनावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', तींत 'लोकेशन', तेथें नवी जागा दाखवून 'मूव्ह', एवढेंच करावयाचें असतें. येथें दोन पथ्यें आहेत. दालनाची जागा म्हणून डी ड्राइव्हचें मूळच दाखवूं नये, त्यांतील स्वतंत्र फोल्डर दाखवावा. आणि दोन दालनांस एकच जागा देऊं नये. नाहीं तर डाळ व तांदूळ एकत्र होतात आणि मग निवडीत बसावें लागतें.

प्रणाली चढवितांना आणखी एक सावधगिरी हवी. त्या वेळीं यंत्र जी यादी दाखवितें तींत सी आणि डी हीं ओळखीचीं अक्षरें नसतात. डिस्कांचे क्रमांक व आकार तेवढे असतात. घाईंत भलतीच ओळ निवडली, तर जें वांचविण्यासाठीं हलविलें तेंच पुसलें जावयाचें. म्हणून यंत्र पूर्ण बंद करून आम्हीं मोठ्या डिस्कची वायर काढून ठेवली, व नवी प्रणाली बसून चालूं लागल्यावरच, यंत्र पुन्हां बंद करून, ती जोडली.

नव्या प्रणालीस डी वरील जुनीं दालनें आपोआप कळत नाहींत. तींच तीं 'लोकेशन' मध्यें जाऊन पुन्हां दाखवावीं लागतात. कधीं कधीं तर जुन्या फोल्डराच्या दारांतच आपल्याला अडविलें जातें. याचें कारण मजेचें आहे. यंत्र माणसाला नांवानें ओळखीत नाहीं. प्रत्येक खात्यास तें एक लांबलचक क्रमांक देतें. नव्या प्रणालींत आपण जुनेंच नांव घेतलें तरी क्रमांक नवा मिळतो, आणि यंत्राच्या लेखीं आपण परके ठरतों. घरचा कर्ता, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर, या नात्यानें परवानगी दिली कीं दार उघडतें.

विद्यार्थिमित्रहो, एवढें झाल्यावर कोणी निश्चिंत होईल, म्हणून एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. हलविणें म्हणजे प्रत करणें नव्हे. वस्तु सी वरून डी वर गेली तरी ती एकच राहते, आणि डी ही डिस्कही एक दिवस बंद पडणारच. वनड्राइव्हसारखी सोय घेतली तर दूर कोठेंतरी प्रत राहते. पण तेथें विनामूल्य जागा ५ जीबीच मिळते, आणि घरचीं छायाचित्रें त्यांत मावत नाहींत. आम्हीं एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन कपाटांत ठेवली, व ओव्यांची दुसरी प्रत बहिणीच्या गांवीं पाठविली. तिनें त्या आपल्या मुलींस ऐकविल्या, हा एक लाभ अनपेक्षित झाला.

आपलें कोणतें व केवळ आपल्या नांवाचें कोणतें, हें ओळखण्याची कसोटी अवघड नाहीं. 'हें पुसलें गेलें, तर दुसरें कोणी हें मला पुन्हां देऊं शकेल काय?' एवढेंच विचारावें. कार्यप्रणाली पुन्हां मिळते, प्रोग्राम पुन्हां उतरवून घेतां येतात, पडद्याचा रंग घटकाभरांत पुन्हां निवडतां येतो. परंतु वडिलांचें टिपण, बहिणीचें बाळपणचें छायाचित्र, स्वतः लिहिलेला निबंध, हें कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. ज्या वस्तूविषयीं 'नाहीं' असें उत्तर येईल, ती आजच वेगळ्या जागीं ठेवावी आणि तिची एक प्रत दुसऱ्या घरींही असूं द्यावी. घरांतील आजोबा-आजींस संगणकाच्या या वाटा ठाऊक नसतील, तर त्यांचें डेस्कटॉपवर काय काय आहे तें त्यांच्या शेजारीं बसून विचारावें. त्यांस वेळ लागला तरी घाई करूं नये, आणि त्यांचें उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.