म्हातारे मास्तर

फुटबॉलमधलें आम्हांला कांहीं कळत नाहीं, ही गोष्ट आमच्या घरांत सर्वमान्य आहे. दूरचित्रवाणीवर सामना लागला कीं आमचा पुतण्या आम्हांला कोपऱ्यांतली आरामखुर्ची देतो, आणि पंढरपुरास प्रथमच आलेल्या वारकऱ्याला बडव्यानें कोठें वाकावें व कोठें थांबावें हें सांगावें, त्या थाटांत मधून मधून चार शब्द आमच्या कानांवर घालतो. मागें एकदां आम्हींच त्याला उलट प्रश्न केला: "पुरुषांच्या जागतिक स्पर्धेंत आपला संघ दोनदां विजयी करणारा मॅनेजर कोण रे?" त्यानें पांचसात मोठीं नांवें घेतलीं, एकही बरोबर निघालें नाहीं. १९३० पासून २०२२ पर्यंत झालेल्या स्पर्धांत हा मान एकट्या व्हित्तोरियो पोत्सो या इटालियन गृहस्थाला मिळाला आहे.

"काका, तुम्हांला हें कसें ठाऊक?" पुतण्यानें विचारलें.

ठाऊक असण्याचें कारण खेळांतलें नाहीं. आम्ही पेशानें मास्तर. तीस वर्षें खडूची धूळ खाल्ली. पोत्सोला त्याच्या देशांत 'म्हातारे मास्तर' म्हणत, असें कोठेंसें वाचण्यांत आलें, आणि स्वजातीयाविषयीं वाटावें तसें कुतूहल जागें झालें. मग मिळेल तें वाचीत गेलों. वाचतां वाचतां या माणसाविषयीं आदर वाटूं लागला, आणि त्याबरोबरच एक अस्वस्थताही. ती अजून गेली नाहीं, म्हणून हें लिहावयास बसलों आहों.

पोत्सोचा जन्म तुरिन शहरीं २ मार्च १८८६ रोजीं झाला. तरुणपणीं तो स्वित्झर्लंडांत व नंतर इंग्लंडांत राहिला, परक्या भाषा शिकला आणि फुटबॉलच्या नादीं लागला. मँचेस्टर युनायटेड संघाचा मधला गडी चार्ली रॉबर्ट्स हा त्याचें दैवत. सामना संपल्यावर मैदानाबाहेर उभें राहून त्यानें रॉबर्ट्सला गांठलें व ओळख करून घेतली. मधल्या जागेवरून दोन्ही बगलांकडे लांब चेंडू टाकण्याची रॉबर्ट्सची रीत त्याच्या मनांत कायमची बसली. पुढें आपल्या संघाची सारी मांडणी त्यानें अशाच मधल्या गड्याभोंवतीं केली. मायदेशीं परतल्यावर तो तोरिनो या नव्या मंडळांतून खेळला, पिरेल्ली कंपनींत नोकरीस राहिला, पहिल्या महायुद्धांत आल्प्सच्या पहाडी पलटणींत होता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला इटलीचा संघ त्यानेंच नेला होता. तेथें फिनलंडनें त्याला हरविलें. १९२९ सालीं राष्ट्रीय संघ पुन्हां त्याच्या हातीं आला तो १९४८ पर्यंत राहिला. या कामाचें वेतन तो घेत नसे. (आमच्या व्यवसायबंधूंनीं हें वाक्य संस्थाचालकांच्या दृष्टीस पडूं देऊं नये.)

त्याच्या डावपेंचांविषयीं जाणत्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आम्हांला मोह पडला तो त्याच्या दुसऱ्या विद्येचा. कोणत्या गड्याला चारचौघांत फटकारलें म्हणजे तो पेटतो आणि कोणाला एकीकडे नेऊन पाठीवर हात ठेवावा लागतो, हें त्याला अचूक कळत असे. परस्परांचें तोंड न पाहणाऱ्या दोघांना तो मुद्दाम एकाच खोलींत उतरवी, आणि सकाळीं दार उघडून, एकमेकांना खाऊन झालें कीं नाहीं अशी चौकशी करी, असें सांगतात. १९३० सालीं हंगेरीशीं सामना खेळण्यास बुडापेस्टला जातांना वाटेंत त्यानें आपल्या गड्यांना रेदिपूल्या येथें, महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मशानभूमींत नेलें. तेथून निघालेल्या संघानें हंगेरीला पांच शून्यानें हरविलें. ही युक्ति आम्हांला त्या वाचनांतही किंचित् खटकली. मेलेल्यांना खेळाच्या कामाला लावूं नये, असें आपलें आमच्या जुन्या मनाला वाटतें. परंतु मास्तरानें मुलांना कोठें न्यावें म्हणजे त्यांचीं मनें हलतील, हें त्यानें बरोबर ओळखलें होतें, यांत शंका नाहीं.

१९३४ ची जागतिक स्पर्धा इटलींतच झाली. मुसोलिनीच्या राजवटीला आपल्या वैभवाचें प्रदर्शन मांडण्यास ती आयतीच संधि होती. स्पेनबरोबरच्या सामन्यांतील पंचांच्या कामाविषयीं बरीच कुरकुर झाली. अर्जेंटिनाकडून १९३० चा अंतिम सामना खेळलेला मोंती आतां इटलीच्या संघांत होता. इटालियन वंशाच्या या परदेशजात गड्यांविषयीं टीका झाली तेव्हां, ज्यांना इटलीसाठीं लढाईंत मरावें लागूं शकतें त्यांनीं इटलीसाठीं खेळूं नये कां, असा पोत्सोचा सवाल होता. १० जून रोजीं रोम येथें चेकोस्लोव्हाकियावर जादा वेळांत दोन विरुद्ध एक असा विजय मिळाला. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्येंही सुवर्णपदक आलें.

मग १९३८. स्पर्धा फ्रान्समध्यें होती, आणि इटलीचा पहिला सामना ५ जून रोजीं मार्से येथें नॉर्वेबरोबर. मुसोलिनीच्या राज्यांतून परागंदा झालेले पुष्कळ इटालियन तेथें राहत. सामन्यापूर्वीं गड्यांनीं हात उंच करून फॅसिस्ट सलामी दिली, तेव्हां प्रेक्षकांनीं हुर्यो केली. पोत्सोच्या हुकुमावरून हात तसेच राहिले. गलका ओसरला, हात खालीं आले, आणि पुन्हां हुर्यो उठली. पोत्सोनें पुन्हां हुकूम दिला, आणि अकरा हात पुन्हां वर गेले. सामना इटलीनें जिंकला, १९ जून रोजीं अंतिम सामन्यांत हंगेरीला चार विरुद्ध दोन असें हरवून स्पर्धाही जिंकली. पण आमचें मन त्या दुसऱ्या सलामीपाशीं अडून राहतें.

त्याची बाजू घेणारे म्हणतात कीं तो पक्षाचा माणूस नव्हता, शिस्तीचा होता. गड्यांचें धैर्य खचूं नये एवढाच त्याचा हेतु. पुढील युद्धांत बिएल्ला भागांत फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्यांना त्यानें मदत केल्याचे पुरावे मागाहून उजेडांत आले. हें सर्व खरें असेल. तरी पहिली सलामी रिवाज म्हणून सोडून देतां येते. दुसरी त्यानें स्वतः दिली. तुरिनमध्यें १९९० च्या स्पर्धेसाठीं नवें क्रीडांगण उभें राहिलें, त्याला पोत्सोचें नांव मिळालें नाहीं. बिएल्लाच्या क्रीडांगणाला तें आहे.

न्यायाधीशाचा आव आणण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. आमच्या नोकरींत एके वर्षीं एका मोठ्या पाहुण्यांच्या स्वागतासाठीं वैशाखाच्या उन्हांत दोन तास मुलें उभीं केलीं होतीं. पाहुणे आल्यावर हात उंचावून जयजयकार करावयाचा, असा वरून हुकूम होता, आणि या पाहुण्यांविषयीं आमचें स्वतःचें मत काय होतें तें न सांगितलेलें बरें. दुसऱ्या रांगेंतल्या एका मुलानें हात वर केला नाहीं. आम्हीं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलें. हात वर गेला. आम्हांलाही मुलें चांगलीं ओळखतां येत होतीं; कोण नजरेनें वाकेल हें ठाऊक होतें.

युद्धानंतर तोरिनोचा संघ इटलींत अजिंक्य झाला. मे १९४७ मध्यें हंगेरीविरुद्ध खेळलेल्या राष्ट्रीय संघांतील अकरांपैकीं दहा गडी एकट्या तोरिनोचे होते. पण मास्तरांचा काळ सरत आला होता. १९४८ च्या मे महिन्यांत खुद्द तुरिनमध्यें इंग्लंडनें चार शून्यानें पराभव केला, लंडनच्या ऑलिंपिकमध्यें डेन्मार्कनें बाहेर काढलें, आणि पोत्सोनें संघ सोडून 'ला स्ताम्पा' या पत्रासाठीं लिहिण्याचें काम चालूं ठेविलें.

४ मे १९४९ रोजीं लिस्बनहून सामना खेळून परतणारें तोरिनोचें विमान ढग व धुकें यांत वाट चुकून तुरिनजवळच्या सुपेर्गा टेंकडीवरील मंदिराच्या मागल्या भिंतीवर आदळलें. एकतीसही माणसें गेलीं. त्यांत अठरा गडी होते. कप्तान व्हालेंतिनो मात्सोला त्यांत होता. त्याचा मुलगा त्या वेळीं सहा वर्षांचा होता, आणि पुढें तोही इटलीकडून खेळला. त्या सालच्या उरलेल्या चार सामन्यांत तोरिनोनें आपलीं कुमार मुलें उतरविलीं, आणि प्रतिपक्षांनींही कुमार संघच पाठविले.

प्रेतें ओळखावयाचीं होतीं. तें काम पोत्सोनें केलें. त्रेसष्ट वर्षांचा तो गृहस्थ टेंकडीवर गेला, आणि एकेकापाशीं थांबून त्यानें नांव सांगितलें. यांतले कितीतरी त्यानेंच निवडलेले, त्यानेंच रागें भरलेले आणि समजाविलेले. पुढें तो जवळजवळ वीस वर्षें जगला. २१ डिसेंबर १९६८ रोजीं तुरिनमध्यें वारला.

पुतण्याला हें सर्व सांगितलें तेव्हां त्यानें सामन्याचा आवाज बारीक केला. थोड्या वेळानें म्हणाला, "काका, तुमच्या वर्गांतलीं मुलें तुम्हांला अजून ओळखूं येतील?"

आम्ही बांकाबांकाप्रमाणें नांवें आठवूं लागलों. बरींच आठवलीं. दुसऱ्या रांगेंतल्या त्या मुलाचें नांव मात्र कांहीं केल्या आठवलें नाहीं.